बाजूचं चाक की मागचं?
अमेरिकेतल्या मिसुरी नदीवरच्या जुन्या आगबोटीचं मॉडेल करायचंय. ‘अरेबिया’ निवडू की ‘बर्ट्रांड’, असं भाचीनं विचारलं.

आयुष्य दोघींचंही तोकडं. अरेबिया १८५३ची, १८५६मध्ये बुडाली. बर्ट्रांड १८६४ची; १ एप्रिल १८६५ला तीही तळाशी. गाळात रुतलेलं झाडाचं खोड लाकडी तळ फोडून आत घुसायचं, मग पाणी कापत बोट पुढे ढकलणारं चाक कुठंही असो, इलाज नसायचा. अरेबियावरची माणसं वाचली, बांधून राहिलेलं एक खेचर तेवढं बिचारं गेलं.

अरेबियाची चाकं दोन्ही बाजूंना, ओंडक्यांच्या थेट वाटेत. बर्ट्रांडचं चाक मागे, बोटीच्या आडोशाला. उथळ पाण्यात हेच सोयीचं.

रुबाब हवा तर अरेबिया. पहिलंच मॉडेल असेल तर बर्ट्रांड कर, एकच चाक जुळवावं लागेल.