अकरा महिने स्वतःच्या मेल सर्व्हरवर

आमच्या घरातल्या चौघांची आणि भावाच्या भाषांतराच्या कामाची मिळून सात खाती गेले अकरा महिने मी चालवत असलेल्या सर्व्हरवर आहेत. भाड्याने घेतलेला छोटा व्हीपीएस (मोठ्या यंत्राचा वेगळा केलेला भाग), २ जीबी मेमरी, डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली. मेलची ने-आण पोस्टफिक्स करतो, पेट्या डव्हकॉट सांभाळतो, स्पॅम आरस्पॅमडी गाळतो. सर्व्हर कसा बसवायचा यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. बसवून सहा-आठ महिने झाल्यावर काय काय समोर येतं, ते मला कुठे नीट वाचायला मिळालं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

भावाकडे करारनामे, वैद्यकीय अहवाल, कोर्टाचे कागद भाषांतराला येतात. ते कुठे साठतात, किती दिवस राहतात, कोणाला उघडता येतात, असं एखाद्या ग्राहकाने विचारलं तर त्याला नेमकं उत्तर देता यावं, एवढी माझी गरज होती. त्यात आधीच्या सेवेने एकदा काही कारण न सांगता त्याचं खातं तीन दिवस बंद ठेवलं. त्यानंतर मी थांबले नाही.

बसवण्याचं काम एका शनिवार-रविवारात झालं. मेलकाऊ किंवा मेल-इन-अ-बॉक्स असे तयार संच मिळतात आणि ते चांगले आहेत. पण मेलकाऊला माझ्या सर्व्हरपेक्षा बरीच जास्त मेमरी लागते, शिवाय मला प्रत्येक भाग हाताने जोडून समजून घ्यायचा होता. पुढे जेव्हा जेव्हा काही अडलं, तेव्हा ही समज कामी आली.

मेल येणं पहिल्याच संध्याकाळी सुरू झालं. आम्ही पाठवलेला मेल मात्र समोरच्याच्या इनबॉक्समध्ये भरवशाने पडायला सात आठवडे लागले. भाड्याच्या बऱ्याच सर्व्हरवर बाहेर जाणारं पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट, स्पॅम रोखण्यासाठी बंदच ठेवलेलं असतं. काय पाठवणार, किती पाठवणार हे लिहून देऊन ते उघडून घ्यावं लागलं. मग कळलं की मला मिळालेला आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) आधीच्या भाडेकरूच्या उद्योगांमुळे दोन काळ्या याद्यांत, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्यांत, होता. एका यादीतून अर्ज केल्यावर तो काढला गेला, दुसरीतून काही आठवड्यांनी आपोआप उतरला. सर्व्हर हातात आल्याबरोबर, काहीही बसवायच्या आधी, त्या आयपीचा पूर्वेतिहास तपासा. वाईट निघाला तर तो सर्व्हर सोडून दुसरा घ्या. मी तोच धरून बसले आणि सातातले निदान चार आठवडे त्यात गेले.

बाकीची ओळखपत्रं डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, ठेवायची असतात: उलट डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद), एसपीएफ (या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्यांची यादी), डीकिम (प्रत्येक मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (हे जुळलं नाही तर काय करायचं ते धोरण). उलट डीएनएसची नोंद आपल्या डोमेनच्या पॅनेलमध्ये शोधू नका. आयपी ज्याच्याकडून घेतला त्याच्या पॅनेलमध्ये ती भरायची असते. डीकिमची २०४८ बिटांची की (सही तपासायची किल्ली) डीएनएसच्या एका तुकड्यात मावत नाही, कारण टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीतल्या एका तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. अवतरण चिन्हांत दोन तुकडे करून द्यावे लागतात. माझ्या पॅनेलने त्यांच्या मधोमध एक जादा अवतरण चिन्ह घुसवलं होतं आणि सगळ्या सह्या अवैध ठरत होत्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही लागतात. कमी पाठवणाऱ्याला पहिल्या दोनांपैकी एक चालतं. आमचे दिवसाला चाळीसेक मेल जातात, तरी मी तिन्ही ठेवलीत आणि तुम्हीही ठेवा.

डीमार्कबद्दल थोडं जास्त लिहिते. मेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात, एक लिफाफ्यावरचा आणि एक आतल्या पत्रावरचा. वाचणाऱ्याला दिसतो तो आतला. एसपीएफ तपासतं लिफाफ्यावरचा. या दोन्हींचं डोमेन जुळतं का, किंवा डीकिमची सही आतल्या डोमेनची आहे का, हे डीमार्क बघतं, आणि मोठे सर्व्हर त्याचा रोजचा अहवाल एक्सएमएल फाइलमध्ये आपल्याला पाठवतात. मी सुरुवातीला धोरण ‘काही करू नका, फक्त कळवा’ असं ठेवलं आणि दोन महिने ते अहवाल वाचले. त्यात एक अनोळखी सर्व्हर सारखा दिसायचा. तो निघाला भावाच्या बिलं पाठवणाऱ्या ऑनलाइन सेवेचा. लिफाफ्यावर तिचं स्वतःचं डोमेन, आत आमचं. मी पहिल्याच दिवशी ‘नाकारा’ असं धोरण लावलं असतं तर ग्राहकांना बिलंच पोहोचली नसती. त्या सेवेसाठी वेगळी डीकिम की जोडली, आणखी महिनाभर पाहिलं, आणि मगच धोरण कडक केलं.

सगळ्यात मोठा फटका चौथ्या महिन्यात बसला. एका सकाळी नऊ वाजेपर्यंत एकही मेल नाही. रविवार होता म्हणून दुपारपर्यंत लक्ष दिलं नाही. मग भावाला एका ग्राहकाचा फोन आला की तुमचा पत्ता मेल परत पाठवतोय. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) पाहते तर रात्री दोनपासून येणारा प्रत्येक मेल ५५४ हा कायमच्या नकाराचा कोड देऊन नाकारलेला, कारण ‘पाठवणारा काळ्या यादीत’. जगातले सगळे सर्व्हर एका रात्रीत काळ्या यादीत जाणं शक्यच नव्हतं. शोधल्यावर कळलं ते असं: नेटवर्कच्या एका अपडेटनंतर माझ्या सर्व्हरचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसला प्रश्न विचारून उत्तर आणणारा भाग) बदलून सार्वजनिक झाला होता. काळ्या याद्यांनाही डीएनएसमधूनच विचारावं लागतं, आणि त्यांतल्या काही याद्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून आलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, त्याऐवजी १२७.२५५.२५५.२५४ असा एक सूचना-पत्ता परत करतात. मी पोस्टफिक्सला कोणतं उत्तर धरायचं ते सांगितलंच नव्हतं, त्यामुळे १२७ ने सुरू होणारं कुठलंही उत्तर त्याने ‘यादीत आहे’ असं मानलं.

तेव्हापासून तीन गोष्टी बदलल्या. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर चालतो आणि रिझॉल्व्हर कोणता ते ठरवणारी फाइल दुसरं कोणी बदलू शकत नाही. काळ्या यादीचं उत्तर थेट नकाराला न जोडता आरस्पॅमडीच्या गुणांत धरलं जातं. आणि कुठलाही नवा नियम लावताना आठवडाभर पोस्टफिक्सचं ‘सॉफ्ट बाउन्स’ चालू ठेवते. त्याने कायमचा नकार तात्पुरत्या नकारात बदलतो, म्हणजे माझी चूक असली तरी समोरचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. ईमेलची ही जुनी सवय मला फार आवडते: प्रमाण असं सांगतं की न पोहोचलेल्या मेलसाठी निदान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं. माझा सर्व्हर एकदा सहा तास पूर्ण बंद होता, तरी एकही मेल हरवला नाही. त्या रविवारचे मात्र गेले, कारण मी ‘नको’ असं ठाम सांगितलं होतं. पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतः लिहून कळवलं.

आता एन्क्रिप्शन. दोन सर्व्हरमधला मेल पोर्ट २५ वर साध्या मजकुरात सुरू होतो आणि दोघांना जमत असेल तर टीएलएसवर, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवर, जातो. मधल्या कोणी ‘टीएलएस जमतं’ ही ओळच गाळली तर पाठवणारा गुपचूप साध्या मजकुरात पाठवून मोकळा होतो. येणाऱ्या प्रत्येकावर मी सक्ती करू शकत नाही. लॉगमध्ये बहुतेक मेल टीएलएस १.३ ने आलेले दिसतात, पण एका कार्यालयाच्या सूचना अजून उघड्या येतात, आणि त्या भावाला हव्याच असतात. माझ्या हातात आहे ते एवढंच: ‘माझ्याकडे येताना टीएलएसशिवाय येऊ नका’ असं आधीच जाहीर करणं. त्याचे दोन मार्ग आहेत, एमटीए-एसटीएस आणि डेन. पहिल्याला एक वेबवरची फाइल आणि एक साधी डीएनएस नोंद पुरते, दुसऱ्याला डीएनएससेक, म्हणजे सही केलेलं डीएनएस, लागतं, कारण त्यात सर्व्हरच्या कीची खूण डीएनएसमध्येच ठेवतात. जीमेल पहिला पाहतं, मायक्रोसॉफ्टची एक्सचेंज ऑनलाइन दुसराही पाहते, म्हणून मी दोन्ही लावले.

डेनने पहिल्याच नूतनीकरणात धडा दिला. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं टीएलएस सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारा दाखला) ९० दिवसांचं असतं आणि ते आणणारा सर्टबॉट हा प्रोग्रॅम नूतनीकरणाच्या वेळी कीसुद्धा नवी करतो. डेनची डीएनएस नोंद जुन्या कीची होती. डेन तपासणाऱ्या दोन सर्व्हरनी माझ्यावर विश्वास ठेवायचं सोडलं आणि मेल आपल्याच रांगेत अडवून ठेवले. तपासणी त्यांच्या बाजूने अगदी बरोबर चालली होती. तीच की पुन्हा वापरण्याचा पर्याय सर्टबॉटला देऊन प्रश्न मिटला. सर्टिफिकेटचीच दुसरी गोष्ट: नूतनीकरण झालं, पोस्टफिक्सने नवीन फाइल उचलली, पण डव्हकॉट रीलोड होईपर्यंत जुनंच धरून बसतो. महिनाभर काही जाणवलं नाही, मग एके दिवशी चौघांचे फोन एकदम तक्रार करू लागले. आता नूतनीकरणानंतर रीलोडची आज्ञा आपोआप चालते, आणि सर्टिफिकेटची मुदत बाहेरून तपासणारी एक छोटी स्क्रिप्ट वेगळ्या यंत्रावर आहे. मुदत संपत आल्याचे मेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केलं, त्यामुळे हे आपल्यालाच करावं लागतं.

पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न दिवसरात्र चालतात. लॉग पहिल्यांदा पाहाल तेव्हा घाबरू नका. पोर्ट २५ वर लॉगिन मुळीच ठेवू नका, ते फक्त ४६५ आणि ५८७ वर. वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्याला अडवणारं फेल२बॅन लावा. आयमॅपला (फोन-संगणकावर पेटी उघडायची पद्धत) दोन टप्प्यांची पडताळणी सहज जोडता येत नाही, म्हणून प्रत्येक फोनला आणि प्रत्येक संगणकाला मी वेगळा, यंत्राने बनवलेला लांब पासवर्ड दिला आहे. भावाचा फोन हरवला त्या दिवशी एक ओळ खोडली, बाकी कोणाला काही कळलंही नाही.

अपडेट आपोआप लावते, पण तेवढ्यावर भागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग नावाची त्रुटी जाहीर झाली. ओळ कशी संपते याबद्दल दोन सर्व्हरचं मत वेगळं असलं की एका मेलच्या पोटात दुसरा खोटा मेल लपवता येतो. पोस्टफिक्सने उपाय लगेच दिला, पण ३.९ च्या आधीच्या आवृत्त्यांत तो आपल्याला चालू करावा लागतो. डेबियन १२ मध्ये ३.७ आहे. मी ते सर्व्हर बसवून तीन महिने झाल्यावर वाचलं.

किरकोळ दोन गोष्टी. संशयित मेलला ‘थोड्या वेळाने या’ सांगणारं ग्रेलिस्टिंग मी बंद केलं, कारण ओटीपी मुदत संपल्यावर यायचे. आणि पोस्टफिक्सची आकाराची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट असते. जोडलेली फाइल पाठवताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे प्रत्यक्षात साडेसात एमबीच्या वरची फाइल अडते. पहिल्याच आठवड्यात वाढवून घ्या.

एक भ्रम मात्र ठेवू नका. टीएलएस फक्त वाटेपुरतं आहे. सर्व्हरच्या डिस्कवर मेल वाचता येईल अशाच रूपात असतो, आणि समोरच्याकडे तो कसा राहतो यावर आपलं काहीच चालत नाही. ज्या ग्राहकांना खरी गोपनीयता हवी त्यांच्याशी भाऊ ओपनपीजीपी (मेलचा मजकूरच एन्क्रिप्ट करण्याची पद्धत) वापरतो. असे तिघेच आहेत, आणि त्यातही विषयाची ओळ सहसा उघडीच राहते.

पहिल्या महिन्यात चाळीसेक तास गेले, आता महिन्याला दोन तास जातात. ज्याला लॉग वाचायचा कंटाळा आहे त्याने हे करू नये, चांगल्या सशुल्क सेवेकडे स्वतःचं डोमेन घेऊन जावं. मला मात्र हा सर्व्हर सोडायचा नाही. कोणता मेल कुठे अडला आणि का, याचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं, आणि हे मला आधी कधीच मिळत नव्हतं.

राहता राहिला एक प्रश्न: मी आजारी पडले तर? म्हणून मागच्या महिन्यात भावाला माझी टिपणं आणि बॅकअप दिला आणि एका रिकाम्या सर्व्हरवर सगळं उभं करायला सांगितलं. मी शेजारी बसले, पण बोलले नाही. पाच तास लागले. सातही पेट्या जुन्या मेलसकट उघडल्या. अडला तो एकाच ठिकाणी: आरस्पॅमडीच्या फोल्डरमधली डीकिमची प्रायव्हेट की बॅकअपमध्ये आलीच नव्हती. ते फोल्डर त्याच रात्री बॅकअपच्या यादीत घातलं. पुढची फेरी तीन महिन्यांनी आहे, आणि त्या वेळी मी घरात नसेन.