चारमिनार रुपयाची ऑनलाइन खरेदी: आधी कड बघा, मग छाप

निजामाचा चारमिनार रुपया, म्हणजे चारमिनारची छाप असलेला हैदराबाद संस्थानाचा चांदीचा रुपया, आता घरबसल्या मागवता येतो. पूर्वी त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचा, जालन्याचा नाहीतर नांदेडचा सराफा पालथा घालावा लागायचा. आज मोबाइलवर एका बैठकीत पन्नास नाणी बघून होतात. सोय मोठी आहे, त्यात वाद नाही. पण नाण्यात जो दोष आहे तो पैसे घेण्याआधी सांगितला जातो का, या एका कसोटीवर हा बाजार अजून कच्चा आहे. खोटी नाणी येतातच. त्याहून जास्त येतात ती अस्सल पण दुरुस्त केलेली नाणी, आणि त्या दुरुस्तीचा वर्णनात कुठे उल्लेख नसतो.

आपल्या भागात अशी नाणी भरपूर असणार, हे उघड आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. इंग्रजांचा रुपया कलदार आणि निजामाचा हाली. साधारण सात हालींना सहा कलदार असा हिशोब चाले. हा हाली रुपया बाजारात फिरला तसा गळ्यातही गेला. माळेत ओवायला त्याला कडी लावली, चवल्या-पावल्यांची बटणं झाली, आणि जे रुपये डब्यात राहिले ते लक्ष्मीपूजनाला दरवर्षी राखेने, चिंचेने, अलीकडे टूथपेस्टने घासले गेले. घरच्या नाण्याचं घरच्यांनी काय करावं हा त्यांचा प्रश्न. पण तेच नाणं पुढे 'एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे फारच कमी झिजलेलं), एकदम कडक' असं लिहून संग्राहकाच्या माथी मारलं जातं तेव्हा ती फसवणूक असते, आणि तिला फसवणूकच म्हटलं पाहिजे.

कडीचा डाग, म्हणजे ती जोडायला वितळवून लावलेल्या धातूचा सांधा, ओळखायला सर्वात सोपा, आणि तोच सर्वात जास्त लपवला जातो. माळेत चारमिनार सरळ दिसावा म्हणून कडी बहुतेक वेळा मिनारांच्या वर, घड्याळातल्या बाराच्या जागी लावलेली असते. ती काढली की सोनार तिथली कड कानसने सारखी करतो. समोरून घेतलेल्या फोटोत हे दिसत नाही. नाणं उभं धरून कड बघितली की लगेच दिसतं: सगळीकडे कंगोरे आहेत आणि पाच-सहा मिलिमीटरच्या पट्ट्यात ते सपाट किंवा पुसट झालेत. डागाचा धातू चांदीपेक्षा किंचित निळसर-करडा दिसतो. काही जण तिथे कंगोरे हाताने पुन्हा कोरतात. दहा पटीच्या भिंगाखाली त्यांतलं अंतर एकसारखं नसतं. दोन्ही बाजूंनी साखळी असलेल्या दागिन्यातलं नाणं असेल तर तीन आणि नऊच्या जागाही बघायच्या. बटणाचा डाग मात्र कडेला सापडत नाही, तो मागच्या बाजूला मधोमध असतो. तिथला फारसी मजकूर आजूबाजूच्या अक्षरांपेक्षा अचानक गुळगुळीत झालेला दिसला तर नाणं परत करावं.

भोक बुजवलेलं नाणं याहून अवघड. चांगला कारागीर दोन्ही बाजूंना अक्षरंही कोरून देतो. एका बल्बच्या तिरप्या उजेडात नाणं हळूहळू फिरवलं की बुजवलेल्या जागेची चमक वेगळ्या वेळी येते आणि बारीक गोल रेघ दिसते. म्हणून फोटोंपेक्षा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मागावा. स्कॅनरवर काढलेलं चित्र तर बिलकुल मान्य करू नये, कारण स्कॅनरच्या सपाट उजेडात ओरखडे आणि पॉलिश दोन्ही गायब होतात.

घासलेल्या नाण्याची खूण म्हणजे एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा, आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत अडकलेला काळपटपणा. मोकळी जागा मात्र भांड्यासारखी चकचकीत. टांकसाळीतून आलेल्या नाण्याची चकाकी तशी नसते. नाणं हलवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. रसायनात बुडवलेल्या नाण्यावर हे पट्टे मेलेले असतात, रंग पांढराफटक असतो. तांब्याच्या दोन पै आणि शिवराईच्या बाबतीत वेगळी चलाखी चालते: खोबरेल तेल किंवा बूट पॉलिश लावून हिरवी कीड झाकतात. दगडासारखा घट्ट, गडद हिरवा थर जुना आणि निरुपद्रवी असतो. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी मात्र क्षारांमुळे धातू आतून खात असते, आणि पुसली तरी पुन्हा येते. शिवराईवर 'श्री राजा शिव' फारच ठसठशीत उठलेलं दिसलं तर अक्षरांच्या कडा भिंगाखाली बघा. बाकी नाणं झिजलेलं आणि अक्षरं धारदार, हे एकत्र नांदत नाही. ती मागाहून कोरलेली असतात.

आता वजन. चारमिनार रुपया ११.१८ ग्रॅमच्या आसपास, चांदी ८१.८ टक्के. म्हणजे निव्वळ चांदी साधारण ९.१४ ग्रॅम. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, १९४० पासून त्यातली चांदी ५० टक्क्यांवर आली. 'शुद्ध चांदीचा निजाम रुपया' असं लिहिणारा विक्रेता एकतर अजाण आहे किंवा खोटं बोलतोय. ९.१४ ला त्या दिवसाच्या एका ग्रॅम चांदीच्या भावाने गुणा, म्हणजे तळाची किंमत कळते. कडी काढलेला, सामान्य वर्षाचा रुपया या किमतीच्या जवळपासच घ्यावा. संग्राहकाची किंमत त्याला देऊ नये.

घरी पडताळायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-भिंतीला टेकणार नाही असं लटकवा, बुडबुडे झटका. काट्यावर येणारा आकडा म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा: चारमिनार रुपयाला सुमारे १०.२ यायला हवं, म्हणजे काट्यावर १.१० ग्रॅमच्या जवळ. १.२५ च्या पुढे गेलं तर आत तांबं-निकेल आहे. सराफाकडच्या मशीनवर टंच, म्हणजे चांदीची टक्केवारी, काढून घेता येतो, पण ते मशीन फक्त वरचा थर वाचतं. ८१-८२ ऐवजी ९५ च्या वर टंच आला तर खूश होऊ नका, वर चांदीचा मुलामा असू शकतो. आणि नाणं हातात देताना सराफाला आधीच बजावून सांगा, उजळायचं नाही.

अस्सलपणासाठी वर्षं जुळवून बघणं उपयोगी पडतं. नाण्यावर एका बाजूला हिजरी वर्ष आणि दुसरीकडे राज्यवर्ष, म्हणजे त्या निजामाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते, असतं. मीर उस्मान अली खान हिजरी १३२९ मध्ये गादीवर आले, त्यामुळे १३४० सोबत ११ दिसतं. भलतीच जोडी आढळली तर कॅटलॉगमध्ये ती आहे का बघा, नसेल तर पैसे थांबवा. चारमिनारच्या दारात, उस्मान अलींच्या आधीचे निजाम महबूब अली यांच्या नाण्यावर 'मीम' आणि उस्मान अलींच्या नाण्यावर 'ऐन' हे अक्षर असतं. अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर ऐन अर्धाच आहे आणि त्याला भाव जास्त मिळतो. झिजलेला पूर्ण ऐन 'अर्धा ऐन' म्हणून खपवला जातो तो यामुळेच. वर्ष १३२९ किंवा १३३० नसेल तर तो दावा मानू नका.

कुठून घ्यावं? मोठ्या खरेदी-संकेतस्थळांवर परत करण्याची मुदत मिळते, हा त्यांचा खरा फायदा. नाण्यांची जाण मात्र तिथे कुणालाच नसते, आणि 'फोटो प्रातिनिधिक आहे' असं लिहिलेलं असेल तर पुढे वाचूही नये. राम-लक्ष्मण-सीतेची छाप आणि '१८१८, ईस्ट इंडिया कंपनी' असलेले तुकडे तिथे नाणी म्हणून विकले जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. व्हॉट्सअॅप आणि फेसबुकच्या लिलावी ग्रुपमध्ये माल सर्वात चांगला आणि धोकाही सर्वात मोठा, कारण पैसे यूपीआयने थेट माणसाला जातात आणि बोली संपते ती रात्री, घाईत. नामवंत लिलावगृहांच्या यादीत वर्णन सगळ्यात प्रामाणिक असतं, 'एक्स-माउंट' (कडी काढलेलं), 'क्लीन्ड' (घासलेलं किंवा धुतलेलं) असं ते बहुधा लिहितात. पण बोलीवर खरेदीदाराचं कमिशन आणि कर चढतो, आणि खोटं निघाल्याखेरीज माल परत घेत नाहीत. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीतलं नाणं असेल तर लेबलवर 'डिटेल्स' हा शब्द शोधा, तो असला की नाण्यात दोष नोंदवलेला आहे. प्रमाणपत्राचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघायचाच, डब्याही बनावट निघतात. नवी स्मारक नाणी हवी असतील तर सरकारी टांकसाळीचं स्वतःचं विक्री संकेतस्थळ आहे, मधल्या माणसाला दुप्पट पैसे द्यायचं कारण नाही.

पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याला हा एक मेसेज लिहून पाठवा: 'या नाण्याला कडी, डाग, भोक बुजवणं, कोरीवकाम, घासणं, पॉलिश, रसायनाने धुणं यांपैकी काही झालं आहे का? हो किंवा नाही असं लिहा. काट्यावरचा फोटो आणि कडेचे तीन फोटो पाठवा.' फोनवर उत्तर घेऊ नका. जो 'भाऊ, बिनधास्त घ्या' म्हणतो पण 'नाही' एवढं लिहायचं टाळतो, त्याच्याकडून घेऊच नये. लेखी 'नाही' मिळालं तर पुढे तोच तुमचा पुरावा.

पाकीट आलं की बंद पाकिटाच्या पत्त्यापासून काट्यावरच्या आकड्यापर्यंत एकच सलग व्हिडिओ घ्या, मध्ये तोडू नका. नाणं धुऊ नका, पुसू नका. एकदा हात फिरवला की ओरखडे तुम्हीच पाडले असं सांगायला विक्रेता मोकळा होतो. दोष आढळला तर त्याच दिवशी, संकेतस्थळाच्याच चॅटमध्ये, फोटोसह लिहा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घेणं नाकारता येत नाही, आणि संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिनाभरात निवारण करायचं असतं. तेवढ्यावर न भागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, आणि २०१९ च्या कायद्याने तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते: विक्रेता कोलकात्याचा असला तरी लातूरकराने लातूरलाच दाखल करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र नाणं पुन्हा विकायला घेतलं असेल तर तुम्ही कायद्याने ग्राहक ठरत नाही. पैसे घेऊन माणूसच गायब झाला असेल तर आयोगाची वाट न बघता लगेच १९३० वर सायबर तक्रार करा; पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वात जास्त असते.

'पैठणच्या शेतात सापडलेली सातवाहन नाणी' किंवा 'तेरचा ताजा माल' अशी जाहिरात दिसली तर ती नाणी कितीही अस्सल असोत, कागदाशिवाय घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ती दिली आहे का, असं विक्रेत्याला विचारा आणि कागद मागा.