अमेरिकेत स्पॅनिश घ्यावी का? फ्रेंच, मंडारिन आणि मराठीच्या शेजारी ठेवून पाहताना

अमेरिकेत मूल सातवी-आठवीत जायच्या बेतात आलं की शाळेतून फॉर्म येतो: कोणती भाषा घेणार? यादीत स्पॅनिश जवळपास नक्की असते, फ्रेंच बहुधा असते, मंडारिन किंवा लॅटिन कुठे कुठे. मराठी घरांत यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, देशाचा कारभार इंग्रजीत चालतो, हा वेळ गणिताला द्या. दुसरा म्हणतो, चार कोटींहून जास्त लोक घरात स्पॅनिश बोलतात, मग बाकीच्या भाषांचा विचार तरी कशाला? या दोन्ही वाक्यांवरून निर्णय होत नाही. तो तीन गोष्टींवर होतो: प्रत्यक्ष तास किती मिळणार, शिकलेलं कोणाशी बोलणार, आणि त्या तासांपायी काय सोडावं लागणार.

नेहमीचे आक्षेप

"त्या लोकांना इंग्रजी येतंच की." हे निम्म्याहून थोडं जास्त खरं आहे. घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्के लोक आपल्याला इंग्रजी उत्तम येतं असं जनगणना विभागाला सांगतात. उरतात दीड कोटींहून अधिक माणसं. ती दवाखान्यात, बांधकामावर, शेतात, रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात, शाळेच्या पालकसभेत आणि कोर्टात भेटतात. म्हणून नर्स, डॉक्टर, दंतवैद्य, शिक्षक, वकील यांना स्पॅनिश रोज लागते. सिव्हिल इंजिनियरलाही लागते, कारण सुरक्षेचं प्रशिक्षण कामगाराला समजेल अशा भाषेत दिलं पाहिजे अशी अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याची अट आहे. सॉफ्टवेअरच्या नोकरीत मात्र स्पॅनिशमुळे पगारात फरक पडेल अशी आशा धरू नये. त्या क्षेत्रातल्या माणसाने ती शिकावी ती शेजाऱ्यांसाठी, प्रवासासाठी, वाचनासाठी. ही कारणं कमी दर्जाची नाहीत, फक्त ती वेगळी आहेत हे आधीच ओळखलेलं बरं.

"फोन भाषांतर करून देतो." मेनू वाचायला, पत्ता विचारायला फोन पुरतो. रुग्णाशी बोलताना पुरत नाही, आणि कायद्यानेही ते गृहीत धरलेलं नाही: २०२४ च्या केंद्रीय आरोग्य नियमांत महत्त्वाच्या मजकुराचं यंत्राने केलेलं भाषांतर पात्र माणसाने तपासावं अशी अट घातली गेली. इथे उलट बाजूची चूकही होते. स्पॅनिश चांगली बोलता येते म्हणून दुभाषा होता येतं असं नाही. वैद्यकीय दुभाष्याच्या राष्ट्रीय प्रमाणपत्राला बसण्याआधी किमान ४० तासांचं वेगळं प्रशिक्षण लागतं.

"आता इंग्रजी अधिकृत भाषा झाली." १ मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने ती झाली, आणि सरकारी सेवा इतर भाषांत देण्याबाबतचा २००० सालचा आदेश रद्द झाला. त्याचा संबंध केंद्रीय खात्यांच्या कामाशी आहे, शाळेतल्या भाषेच्या तासाशी नाही. मुलांना इतर भाषा शिकवण्यावर नेब्रास्का राज्याने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्येच मोडीत काढली होती. आणि स्पॅनिशला परकी म्हणताना एवढं लक्षात ठेवावं की फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टिन हे स्पॅनिश गाव १५६५ चं आहे, तर इंग्रजांचं जेम्सटाउन १६०७ चं.

तासांचा हिशोब

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढाला कामापुरती पक्की भाषा यायला किती काळ लागतो ते सांगते. स्पॅनिश आणि फ्रेंचला सुमारे ३० आठवडे, जर्मनला ३६, हिंदीला ४४, मंडारिनला ८८. हे पूर्णवेळ आठवडे आहेत, घरचा अभ्यास वेगळा. वर्गातल्या तासांत मोजलं तर स्पॅनिशला ७०० च्या आसपास, मंडारिनला २२००.

आता शाळा पाहू. वर्षाला १८० दिवस, रोज ४५ मिनिटं, म्हणजे १३५ तास. परीक्षा, सुट्ट्या, बदली शिक्षकाचे दिवस वजा केले की १२० हाती लागतात. दोन वर्षांचे २४०, चार वर्षांचे ४८०. वर्गात २८ मुलं असतील आणि पूर्ण ४५ मिनिटं समान वाटली, तरी एकाच्या वाट्याला बोलायला जेमतेम दीड मिनिट येतं. दोन वर्षं शिकलेल्या मुलाला क्रियापदांचे तक्ते पाठ असतात पण दुकानदाराने विचारलेला प्रश्न कळत नाही, त्याचं कारण हे आहे. शिक्षकाला दोष देऊन उपयोग नाही.

शाळेतल्या तीन वाटा

दोन वर्षांची वाट ही प्रवेशाची अट पूर्ण करण्याची वाट आहे. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं इंग्रजीखेरीज एकाच भाषेची दोन वर्षं मागतात. त्यांतली यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) तीनची शिफारस करते. तेवढंच साधायचं असेल तर मुलाला आवडेल ती भाषा घ्यावी, स्पॅनिशचा आग्रह धरू नये. नववी-दहावीत भाषा उरकून पुढची दोन वर्षं सोडली तर कॉलेजच्या चाचणीत पुन्हा पहिल्या पायरीवर बसवलं जातं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

चार वर्षांच्या वाटेत सुरुवात कधी होते याला फार महत्त्व आहे. आठवीत स्पॅनिश १ झाली तर नववीत २, दहावीत ३, अकरावीत ४ किंवा थेट एपी, म्हणजे शाळेतच घेतला जाणारा कॉलेजच्या पातळीचा वर्ग. नववीत सुरुवात केली तर एपी बारावीत येते, परीक्षा मे महिन्यात असते आणि निकाल जुलैत लागतो. तोवर कॉलेजचे अर्ज जाऊन प्रवेशही झालेले असतात. त्या गुणांचा उपयोग मग फक्त कॉलेजच्या क्रेडिटसाठी. एपीच्या वर्गात घरी स्पॅनिश बोलणारी मुलंही असतात. आपलं मूल त्यांच्यासमोर बिचकतं, पण खरं ऐकायला मिळतं ते त्याच वर्गात. चार वर्षांनंतर सर्वसाधारण विद्यार्थी ओळखीच्या विषयांवर सुटी वाक्यं बोलू शकतो, थोडा प्रश्नोत्तरांचा व्यवहार करू शकतो. वादविवाद किंवा बातम्या अजून दूर असतात.

तिसरी वाट ड्युअल इमर्शनची, म्हणजे शाळेचे विषयच दोन भाषांतून शिकण्याची, आणि भाषा खरोखर हवी असेल तर तिन्हींत हीच सर्वांत जोमदार आहे. ९०/१० पद्धतीत किंडरगार्टनमध्ये ९० टक्के शिकवणं स्पॅनिशमधून होतं, इंग्रजीचा वाटा दरवर्षी वाढत चौथी-पाचवीपर्यंत निम्मानिम्मा होतो. ५०/५० पद्धतीत पहिल्यापासून समान वाटणी. प्रवेश बहुधा किंडरगार्टन किंवा पहिलीतच, तोही सोडतीने. पुढे भाषेची चाचणी दिल्याशिवाय घेत नाहीत. पालक घाबरतात ते दुसरी-तिसरीत, कारण ९०/१० मधल्या मुलांचं इंग्रजी वाचन तेव्हा मागे दिसतं. ती तूट पुढे भरून निघते. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या सरकारी शाळांत सोडतीने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना रँड या संशोधन संस्थेने केली, २०१५ मध्ये निष्कर्ष आले: इमर्शनमधली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे सात महिने आणि आठवीत सुमारे नऊ महिने पुढे होती. खरा धोका दुसराच आहे. व्हिसावर असलेली कुटुंबं नोकरीमागे राज्य बदलतात. दुसरीत ९०/१० सोडून साध्या शाळेत गेलेलं मूल इंग्रजी वाचनात मागे असतं आणि स्पॅनिशही अर्धवट सुटते. पुढची चार-पाच वर्षं एका गावात राहण्याची खात्री नसेल तर ५०/५० बरी. शाळा बघायला गेल्यावर एकच प्रश्न नक्की विचारावा: वर्गात घरी स्पॅनिश बोलणारी मुलं किती? निदान एकतृतीयांश हवीत. नसतील तर मधल्या सुट्टीत सगळे इंग्रजीतच खेळतात.

फ्रेंच आणि मंडारिनसमोर

फ्रेंचचं एक कारण मराठी पालक क्वचित बोलतात, पण मोठ्यांसाठी ते वजनदार आहे: कॅनडा. २०२३ पासून कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कायम वास्तव्यासाठी उमेदवार निवडण्याच्या पद्धतीत, फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या होतात. त्यासाठी फ्रेंचच्या टीईएफ किंवा टीसीएफ परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही अंगांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची सातवी पातळी लागते. ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेल्या माणसाला कॅनडाची वाट खरोखर खुली ठेवायची असेल तर त्याने फ्रेंच घ्यावी. स्पॅनिशचा तिथे काही उपयोग नाही. भारतात परतण्याचा बेत असला तरी थोडा विचार लागतो. पुण्या-मुंबईत जर्मन आणि फ्रेंच शिकण्याची सोय जुनी आणि चांगली आहे, तर स्पेन सरकारच्या इन्स्टिट्यूतो सेर्वांतेसचं भारतातलं केंद्र दिल्लीत आहे.

मंडारिनला तिप्पट तास लागतात. शाळेच्या ४८० तासांत ती बोलण्याइतकी येत नाही, इमर्शन असेल तरच घ्यावी. शिवाय गाव बदललं तर नव्या शाळेत मंडारिन नसण्याची शक्यता मोठी, स्पॅनिश नसण्याची फार कमी.

मराठी बोलणाऱ्याला काय हाताशी आहे

अमेरिकन मुलं जिथे वर्षानुवर्षं अडखळतात, तिथे मराठी येणाऱ्या मुलाची वाट आधीच मोकळी असते, पण त्याने इंग्रजीवरून नव्हे तर मराठीवरून स्पॅनिशकडे पाहिलं तरच. 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' ही रचना स्पॅनिशमध्ये जशीच्या तशी आहे: 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस'. 'मी घर बघतो' पण 'मी आईला बघतो', हा माणूस-वस्तू भेदही तसाच: 'वेओ ला कासा', 'वेओ आ मि मामा'. 'गेलो' आणि 'जायचो' यांतला फरक ज्याला कळतो त्याला स्पॅनिशचे दोन भूतकाळ समजायला एक दुपार पुरते. 'त्याने यावं असं मला वाटतं' मधलं 'यावं' ओळखता आलं की ज्या क्रियारूपाला (सबजंक्टिव्ह) तिसऱ्या वर्षी वर्ग घाबरतो, तेही परकं राहत नाही. तू आणि तुम्ही तर आहेतच; वयस्कर माणसाशी बोलताना 'उस्तेद'.

अडचणी दोन ठिकाणी येतात. पहिली उच्चारात. स्पॅनिशचे त आणि द आपल्या त-द सारखे दातांना जीभ लावून येतात, पण आपण इंग्रजीतले टी-डी ट-ड असे म्हणायला शिकलेलो असतो आणि तीच सवय इकडे येते. मग 'दोंदे' चं 'डोंडे' होतं. पहिल्या महिन्यातच हे मोडून काढावं, नंतर ते सुटत नाही. दुसरी अडचण 'आहे' ची. स्पॅनिशमध्ये त्यासाठी दोन क्रियापदं आहेत आणि ती बदलली की अर्थ बदलतो: 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळला आहे, 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे. इथे मराठीची मदत होत नाही, उदाहरणं घोकावीच लागतात.

मराठीचा वेळ

स्पॅनिशविरुद्धचा सर्वांत खरा मुद्दा हाच आहे, आणि त्यावर आमचं मत ठाम आहे. शाळेतला स्पॅनिशचा तास मराठीचं काही घेत नाही. पण शनिवार-रविवारची मराठी शाळा बंद करून त्या वेळेत स्पॅनिशची शिकवणी लावू नये. स्पॅनिश बोलणारी माणसं मूल वीस वर्षांचं झाल्यावरही त्याच्या आजूबाजूला असतील, भाषा तेव्हाही शिकता येईल. आजीशी बोलायची मराठी वीस वर्षांनी शिकून तिचा उपयोग कोणाशी करणार? घरात मुलाशी मराठी सुटत चालली असेल तर ड्युअल इमर्शन घेण्याआधी ती घडी नीट बसवावी. बारावीच्या प्रमाणपत्रावर मिळणारा द्विभाषिक साक्षरतेचा शिक्का कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायद्याने सुरू केला, आता तो बहुतेक राज्यांत मिळतो. त्यासाठी दुसरी भाषा स्पॅनिशच हवी असं बंधन नाही. मराठीच्या चाचणीची सोय आपल्या शाळेत होते का, हे काउन्सेलरला नववीतच विचारावं. बारावीत विचारलं तर तारखा निघून गेलेल्या असतात.

मोठ्या माणसासाठी

रोज अर्धा तास दिला तर वर्षाला १८० तास होतात. तेवढ्यात रोजच्या गरजेची साधी स्पॅनिश येते, दुसऱ्या वर्षाअखेर बऱ्यापैकी गप्पा. अ‍ॅपने शब्द वाढतात आणि सवय टिकते, पण तोंड उघडत नाही. पहिले तीन महिने उच्चार, वर्तमानकाळ आणि पाचेकशे शब्द एवढंच करावं. मग आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास ऑनलाइन शिक्षकाशी बोलणं सुरू करावं. वर्गाची शिस्त लागत असेल तर कम्युनिटी कॉलेज चांगलं: कॅलिफोर्नियात रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे पाच युनिटची स्पॅनिश १ साधारण २३० डॉलरला पडते. अनेक सार्वजनिक ग्रंथालयं कार्डावर भाषेचं अ‍ॅप फुकट देतात, पैसे भरण्याआधी ते पाहावं.

शिक्षक निवडताना तो कुठल्या देशाचा आहे ते विचारावं. न्यू जर्सीत एडिसनला राहून पर्थ अँबॉयच्या दवाखान्यात काम करणाऱ्याला डॉमिनिकन किंवा प्युएर्तो रिकन शिक्षक हवा, कारण तिथल्या बोलण्यात शब्दाच्या शेवटचा स गळतो आणि पुस्तकी कानाला अर्धं वाक्य कळत नाही. सॅन अँटोनियो किंवा लॉस एंजेलिसला राहणाऱ्याने मेक्सिकन शिक्षक घ्यावा.