९७ चा हिरवा आकडा आणि माझे गेलेले १८ हजार

मोबाईलवर वेबसाईट झटपट उघडावी म्हणून कुणाला पैसे देणार असाल, तर त्याआधी हे वाचा. माझे १८,००० रुपये गेले. काम झाल्याचं मला दाखवलं, मी स्वतः तपासून पाहिलं, माझी खात्री पटली, आणि तरीही काम झालेलं नव्हतं. अशा फसवणुकीची मला कल्पनाच नव्हती, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी कोथरूडला राहते. गेली नऊ वर्षं पुण्याच्या आसपासच्या किल्ल्यांबद्दल माझ्या वेबसाईटवर लिहिते: वाट कुठून चढते, टाक्यात पाणी कधीपर्यंत असतं, पावसाळ्यात कुठली घसरंडी टाळायची. वाचणारी बरीचशी मंडळी घरी बसून वाचत नाहीत. गुंजवण्यात पोचल्यावर चोर दरवाजाची वाट कुठून फुटते हे बघायला फोन काढतात. तिथे कधी नेटवर्कची एकच दांडी, कधी तीही नाही. माझं राजगडाचं पान अशा ठिकाणी मिनिटभर नुसतं गोल फिरत राहायचं. मागच्या पावसाळ्यात एका मुलीने कळवलं की पान उघडलंच नाही आणि त्यांचा गट अंधार पडेपर्यंत वाट शोधत होता. ते वाचल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून जाईना.

त्याच सुमारास एक मेल आला. ‘तुमच्या साईटचा मोबाईल स्कोअर २३ आहे, तुम्ही वाचक गमावताय.’ सोबत लाल वर्तुळाचा अहवाल. मला वाटलं, न मागता एवढी तपासणी करून दिली, म्हणजे माणसं जाणकार आहेत. खरं तर पान किती झटपट उघडतं याला शंभरपैकी गुण देणारं गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे साधन फुकट आहे. कुणीही कुणाच्याही साईटचा पत्ता टाकून तो अहवाल काढू शकतं. ४९ पर्यंत लाल, ५० ते ८९ नारिंगी, ९० पासून हिरवा. असा अहवाल पाठवायला काहीही यावं लागत नाही.

कर्वे रस्त्यावरच्या एका अमृततुल्यात दोघं भेटायला आले. तिशीच्या आतले, बोलायला नम्र. ‘ताई, तीन दिवसांत नव्वदच्या वर नेतो. नाही गेला तर पैसे परत.’ निम्मे आधी, निम्मे आकडा दिसल्यावर. चहा संपायच्या आत मी ९,००० यूपीआयने पाठवले आणि साईटचा अ‍ॅडमिन पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर दिला. बिल मागितलं तेव्हा ‘नंतर देतो’ म्हणाले. ते आजतागायत आलेलं नाही.

चौथ्या दिवशी स्क्रीनशॉट आला: ९७, हिरवागार. मी स्वतः चाचणी लावली, मलाही ९७ आले. उरलेले ९,००० लगेच दिले.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत लोक पुन्हा तेच सांगायला लागले. पान उघडत नाही. शिवाय एक नवीन तक्रार: मेन्यूवर बोट ठेवलं तर पहिल्यांदा काहीच होत नाही, दुसऱ्यांदा ठेवावं लागतं. मी त्यांना सांगत राहिले की तुमच्या नेटवर्कचा प्रश्न असेल, आमचा स्कोअर ९७ आहे. वाचकांपेक्षा मी त्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवला, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

उलगडा अगदी योगायोगाने झाला. माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे. एका रविवारी जेवायला आला होता, तोरण्याची वाट बघायला त्याने माझी साईट उघडली आणि म्हणाला, ‘मावशी, तुझी साईट पडलीये का? नुसतं मथळा आणि चार ओळी दिसतायत.’ मी माझ्या फोनवर उघडली, तर सगळं होतं: फोटो, नकाशा, मेन्यू. त्याच्याकडे मात्र फोटोंच्या जागी राखाडी चौकोन आणि नकाशाच्या जागी पांढरी पोकळी. त्याने पानाचा कोड उघडला. वरच, हेडरमध्ये, एक ओळ होती. तिचा अर्थ त्याने मला समजावला तो असा: पाहणाऱ्याचं मशीन ‘लिनक्स एक्स८६_६४’ (म्हणजे लिनक्सवर चालणारा नेहमीचा लॅपटॉप किंवा सर्व्हर) असेल, तर फोटो, नकाशा आणि बाकीच्या स्क्रिप्ट (मेन्यूसारख्या गोष्टी चालवणारा कोड) उतरवूच नका.

आता गूगलची ती चाचणी कुठून होते? गूगलच्या सर्व्हरवरून, आणि ते सर्व्हर लिनक्सवर चालतात. चाचणी मोबाईलची बतावणी करते, पण आतलं मशीन तेच. अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच सांगतो, पण त्याचा प्रोसेसर वेगळा, त्यामुळे तो या ओळीत अडकत नाही. म्हणजे गूगलला रिकामं पान दाखवायचं, ते अर्थातच पटकन उघडतं आणि ९७ मिळतात. खऱ्या वाचकाला जुनंच जड पान. भाचा चुकून गूगलच्या रांगेत उभा राहिला, म्हणून कळलं.

मी त्यांनी पाठवलेला स्क्रीनशॉट पुन्हा काढून पाहिला. अहवालात आकड्याच्या शेजारी एक छोटं चित्र असतं, चाचणीला पान कसं दिसलं त्याचं. त्यांनी नेमकं तेवढं कापून पाठवलं होतं. माझ्या स्वतःच्या चाचणीत ते चित्र माझ्या समोर होतं: मथळा, चार ओळी, बाकी पांढरं. माझी नजर हिरव्या वर्तुळावरून हललीच नाही.

पुढे आणखी सापडलं. मेन्यूचा पहिला टॅप वाया जायचा, कारण फोनवर सगळ्या स्क्रिप्ट पहिला स्पर्श होईपर्यंत थांबवून ठेवल्या होत्या. हा उपाय जपून वापरला तर चालतो, इथे सरसकट लावला होता. कॅशिंगचं, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून ठेवणारं प्लगिन विकत घेतलेलं नव्हतं, चोरीची प्रत होती, आणि अशा प्रतींमधून बरेचदा भलताच कोड आत येतो. वापरकर्त्यांच्या यादीत एक जादा अ‍ॅडमिन होता, माझ्याच नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन बसलेला.

फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, ‘ताई, तुम्ही स्कोअर मागितला, आम्ही स्कोअर दिला.’ पैसे परत मागितल्यावर वर्षाच्या देखभालीचे ६,००० बाकी असल्याचं सांगितलं. त्यानंतर नंबर बंद. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर चॅटिंग आणि व्यवहाराच्या नोंदींसह तक्रार दिली आहे, अजून काही हाती लागलेलं नाही. पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं, तर १९३० वर ताबडतोब फोन करा. मला कळेपर्यंत दीड महिना उलटला होता.

पान जड कशाने होतं, ते नंतर भाच्याबरोबर बसून शिकले. राजगडाच्या पानावर फोनमधून काढलेले ३८ फोटो जसेच्या तसे चढवले होते, एकेक चार-पाच एमबीचा. ते १,२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात घेतले, तर बहुतेक दोनशे केबीच्या आत आले, आणि फोनवर नजरेला काही फरक कळत नाही. देवनागरी फाँटचे पाच वेगवेगळे जाडपणे उतरत होते. जोडाक्षरांमुळे आपले फाँट इंग्रजी फाँटपेक्षा बरेच जड असतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन ठेवले. जिवंत नकाशाच्या जागी त्याचं चित्र लावलं, बोट लावलं की मगच खरा नकाशा येतो. खालचे फोटो वाचक तिथवर पोचल्यावर उतरतात, पण सगळ्यात वरच्या फोटोला ती युक्ती लावायची नाही, उलट उशीर होतो. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये दिली, त्यामुळे वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. या कामाला दोन रविवार गेले. आकडा आला ८१. नारिंगी.

ज्यांना कुणाकडून काम करून घ्यायचं आहे, त्यांनी नुसता तो आकडा बघू नये. गूगल खऱ्या वाचकांच्या फोनवरची मापंही ठेवतं, त्याच अहवालात अगदी वर. मुख्य फोटो किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसावा आणि बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, तोही चारपैकी निदान तीन भेटींमध्ये. ही मापं मागच्या २८ दिवसांची असतात, त्यामुळे ती एका रात्रीत हिरवी होत नाहीत. ‘तीन दिवसांत गॅरंटी’ ऐकलं की मला आता तिथेच शंका येते. वाचक थोडे असतील तर ही मापं दिसत नाहीत. मग घरचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर, एखाद्या साध्या फोनवर, खाजगी टॅबमध्ये पान उघडा आणि घड्याळ लावा. काम सुरू होण्याआधी एकदा, झाल्यावर एकदा. पासवर्ड स्वतःचा देऊ नका. वेगळं खातं काढून द्या, बॅकअप आधी घ्या, काम संपलं की ते खातं काढून टाका.

मागच्या आठवड्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका ओळखीच्यांना हे सांगितलं. त्यांचं मसाल्यांचं घरगुती दुकान आहे, ऑनलाइन ऑर्डर घेतात. त्यांनीही असंच काम करून घेतलं होतं, १५ हजारांना, त्यांचाही आकडा हिरवा. भाच्याने त्यांच्या पानाचा कोड उघडला आणि त्यात ‘लिनक्स’ हा शब्द शोधला. अक्षर न अक्षर तीच ओळ निघाली.