चुन्नांची आठळी फोडायची, भिजवायची की गरम पाण्यात टाकायची?

मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात चुन्नां आली, म्हणजे घाटावर ज्यांना तोरणं म्हणतात ती रानफळं, की कोणीतरी विचारतंच, बिया पेरल्या पण एकही आली नाही, काय करू. अहो बी मेलेलं नसतं, आठळीचं कवच दगडासारखं असतं आणि कोंबाला ते फोडून बाहेर येणं जड जातं. मुरुडशेंगेचं वेगळं, तिथे बी बारीक आणि त्याची सालच पाणी आत घेत नाही. दोघांना एकच उपाय केला की फसलंच.

चुन्नां आणि बोरं, दोन्हीला मी आठळी फोडते. गर चोळून धुवायचा, दोन-तीन दिवस सावलीत सुकवायचं, मग चिऱ्यावर आठळी शिवणीवर, म्हणजे दोन भाग जुळतात त्या रेषेवर, उभी धरून छोट्या हातोडीने हलकेच मारत राहायचं, आवाज बदलला की लगेच हात थांबवायचा. आत चपटं, तपकिरी, चकचकीत बी असतं, त्याला चीर गेली की मातीत कुजतं म्हणून घाई अजिबात नको. बोराचं असं काढलेलं बी साधारण आठवड्यात उगवतं, अख्खी आठळी पेरली तर तीन-चार आठवडे. पन्नास-शंभर रोपं हवी असतील तर डोळे मिटून हेच करा.

हजारभर करायची असतील तर फोडत बसणं शक्य नाही. मग सागाच्या बियांना करतात तसं, रात्री भिजत आणि दिवसा कडक उन्हात, असं आठ-दहा दिवस. खर्च शून्य, पण रोपं मागेपुढे येतात, आणि हे मे संपायच्या आत उरका कारण जूनमध्ये आपल्याकडे ऊन कुठलं मिळणार.

गरम पाणी मुरुडशेंग आणि शिकेकाईला. पाणी उकळलं की गॅस बंद, थोडं थांबून बी टाकायचं आणि रात्रभर त्यातच राहू द्यायचं. सकाळी फुगलेलं पेरा, न फुगलेलं परत घाला. गॅसवर ठेवून उकळलंत तर शिजेल.

ॲसिडने काम पटकन होतं, पण घरी नकोच, पोरं फिरतात, एक शिंतोडा डोळ्यात गेला तर काय करणार.

आणि कांटां, म्हणजे करवंदं, त्यांना यातलं काहीच लागत नाही. गर धुवा आणि लगेच पेरा, पुढच्या वर्षीसाठी डब्यात ठेवलंत तर बी फुकट जाईल.