चढाला काय, उताराला काय : हार्डटेल सायकलचं सेटिंग ठरवताना

पुण्याची वेताळ टेकडी घ्या किंवा लोणावळ्याकडच्या मातीच्या वाटा, एकाच फेरीत हार्डटेल सायकलकडून (फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली सायकल) दोन उलट अपेक्षा असतात. चढावर वजन मागे सरकतं, पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. उतारावर तेच वजन पुढच्या चाकावर येतं आणि एखादा दगड मध्ये आला की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून ‘चढाचं सेटिंग ठेवू की उताराचं?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. माझं म्हणणं असं की हे भांडण प्रत्येक भागात नसतंच. ते खरोखर कुठे आहे तेवढं ओळखा आणि तिथे बेलाशक उताराची बाजू घ्या. चढावर सेटिंग थोडं चुकलं तर पाय टेकून सायकल ढकलावी लागते. उतारावर चुकलं तर मनगट किंवा गळ्याचं हाड जातं.

टायरच्या हवेत भांडण अजिबात नाही. आपल्याकडे रस्त्याच्या सवयीने टायर दगडासारखा टणक करायची पद्धत आहे. उन्हाळ्यात टेकडीवर घट्ट जमिनीवर सुट्ट्या मुरुमाचा थर असतो. तिथे टणक टायर चढावर जागच्या जागी फिरतो आणि उतारावर ब्रेक लावताच घसरतो. ७० किलोच्या आसपास वजन आणि २.२५ इंची टायर असेल, तर ट्यूब असताना पुढे २६-२८ आणि मागे २८-३० पीएसआयपासून सुरुवात करावी. ट्यूबलेस असेल तर पुढे २०-२२, मागे २३-२५. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, पण मागच्यापेक्षा पुढे दोन-तीन पीएसआय कमीच राहू द्या. ट्यूब असताना याहून खाली गेलात तर दगड आणि रिममध्ये ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसचा खरा फायदा इथे आहे. चिमटायला ट्यूबच नसल्यामुळे हवा आणखी कमी ठेवता येते. डांबरी घाट चढायचा असेल तर मात्र मऊ टायर जड जातो. छोटा पंप जवळ ठेवा, खाली भरून निघा आणि मातीची वाट लागली की हवा सोडा.

सीटचं भांडण खरं आहे, पण काही सेकंदांत मिटणारं. चढाला सीट उंच हवी. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हावा, म्हणजे पायाचा पुढचा भाग पेडलवर आल्यावर गुडघ्यात हलका बाक उरतो. तीव्र चढावर सीटच्या टोकाशी सरकून बसा, कोपरं वाकवा आणि छाती खाली आणा. पुढचं चाक जमीन धरून राहतं. काही जण त्यासाठी सीटच पुढे सरकवून ठेवतात. थोडी सरकवायला हरकत नाही, पण फार पुढे नेलीत तर गुडघा दुखायला लागतो.

उतारावर हीच उंच सीट आडवी येते. शरीर खाली आणि मागे नेता येत नाही. ती पाच ते दहा सेंटीमीटर खाली गेली की सायकल एकदम ताब्यात आल्यासारखी वाटते. इथे दोन पर्याय आहेत. क्विक रिलीजची खटकी फुकटात मिळते. थांबायचं, सैल करायची, सीट दाबायची, पुन्हा घट्ट करायची. चढाच्या उंचीला सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, टेपची खूण करा आणि खाली सरकवण्याआधी धूळ पुसा, नाहीतर नळीवर ओरखडे पडतात. दुसरा पर्याय ड्रॉपर पोस्टचा. अंगठ्याने लिव्हर दाबली की चालत्या सायकलवर सीट खाली-वर होते. सिंहगडासारखी एकच लांब चढण आणि एकच लांब उतरण असेल तर खटकी पुरते. टेकडीवर दर वळणाला चढ-उतार बदलत असेल तर कोणी थांबत बसत नाही, सीट उंचच राहते. अशांनी ड्रॉपर घ्यावा. आधी सध्याच्या पोस्टचा व्यास बघा : ३०.९ किंवा ३१.६ मिलिमीटरला भरपूर ड्रॉपर मिळतात, २७.२ ला कमी.

खरा पेच स्टेम (हँडलबार सायकलला जोडणारा आखूड तुकडा) आणि हँडलबारचा. वाटेत तो बदलता येत नाही. जुन्या धाटणीच्या सायकलींवर ९० मिलिमीटरचा स्टेम आणि ६८० च्या आसपास रुंदीचा बार असतो. लांब स्टेममुळे चढावर पुढचं चाक दबून राहतं, उतारावर मात्र अंग पुढच्या चाकावर झुकतं. ६०-७० चा स्टेम आणि ७४० चा बार लावला की वळवणं सोपं जातं आणि खडकाळ जागी हात टिकून राहतात. चढावर त्याची किंमत थोडी, कोपरं वाकवून भरून काढता येईल एवढी. पण जुनी फ्रेम मुळात आखूड असते. तिला ३५ चा स्टेम लावला तर बसणं कोंदट होतं आणि चढावर चाक भटकतं. खर्च करायचा नसेल तर स्टेमखालची एखादी चकती वर-खाली करून बघा. स्क्रू स्टेमवर छापलेल्या टॉर्कएवढ्या जोरानेच आवळा.

हवेचा फोर्क (पुढच्या चाकाचं हवेवर चालणारं सस्पेन्शन) असेल तर पेडलवर उभं राहिल्यावर तो २० ते २५ टक्के दबावा, म्हणजे १०० मिलिमीटरच्या फोर्कला २० ते २५ मिलिमीटर. लॉकआउट, म्हणजे फोर्क दबू न देणारी कळ, डांबरासाठी आहे. दगडांच्या चढावर लॉक केलेला फोर्क चाक उडवतो आणि माथ्यावर लॉक काढायचं राहून गेलं तर उतार धोक्याचा होतो.

गिअरसाठी घाईने पैसे घालू नका. जुन्या तीन चकत्यांच्या क्रँकला पुढे २२ आणि मागे ३४ दात असतील तर गुणोत्तर ०.६५ येतं. ३२ आणि ५१ च्या महाग बारा-स्पीड जोडणीचं ०.६३. चढावर फरक जाणवत नाही. उतारावर मात्र क्लचवाल्या डिरेलरमुळे (चेन ताणून धरणाऱ्या, गिअर बदलणाऱ्या मागच्या भागामुळे) चेन आपटत नाही, सहसा निसटत नाही. चेन सारखी पडत असेल तरच हा खर्च करा.

एकाच वस्तूपुरते पैसे असतील तर टेकडीवाल्यांनी ड्रॉपर घ्यावा. ट्यूब वारंवार चिमटत असेल त्यांनी ट्यूबलेस करावं, मात्र रिम त्यासाठी चालते का हे आधी विचारून घ्यावं. बहुतेक वेळ सिंहगडाच्या डांबरावर जाणाऱ्यांनी यातलं काहीच न घेता नवे ब्रेक पॅड बसवावेत.