एका 'ह'साठी शब्दकोश : टँगलन डॉट आयई

डब्लिनमध्ये सहा वर्षं काढली, पण आयरिश भाषेशी माझा संबंध रस्त्यावरच्या पाट्यांपुरताच. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीच्या जुळ्या मुलींचा बाप्तिस्मा होता. म्हटलं, कार्डावर 'चिमुकले देवदूत' असं आयरिशमध्ये लिहावं. फोनमधल्या एका भाषांतर ॲपनं सांगितलं, 'ना अँगिल'. शेजारच्या आयरिश आजींनी ते वाचून नाक मुरडलं. काहीतरी राहिलंय म्हणाल्या, पण काय ते त्यांना आठवेना. शाळा सुटून साठ वर्षं झालेली! त्यांच्या नातवानं मग ही साइट उघडून दिली.

'फोरस ना गेलगे' या भाषासंस्थेची ही साइट फुकट आहे. 1959चा इंग्रजी-आयरिश कोश आणि कोशकार ओ डोनलांचा 1977चा आयरिश-इंग्रजी कोश, दोन्ही एकाच खिडकीत. मला मात्र जिंकलं ते व्याकरणाच्या पानानं. देवदूत म्हणजे 'अँग्यल', मूळ लॅटिन 'अँजेलुस'. आधी 'अन' हे इंग्रजी 'द'सारखं उपपद लागलं की 'अन टँग्यल', आणि अनेकवचनात 'अन'चं 'ना' होऊन 'ना हँगिल'. तो 'ह' राहिला होता! आपण घोड्याचं 'घोड्याला' करताना शब्दाची शेपटी वाकवतो. हे लोक शेपटीबरोबर तोंडालाही हात घालतात.

बऱ्याच शब्दांचे उच्चार अल्स्टर, कॉनाख्ट आणि मन्स्टर अशा तिन्ही बोलींत ऐकता येतात. 'ब्यग' म्हणजे लहान, हा एवढासा शब्द मी तिन्ही आवाजांत दहा वेळा तरी ऐकला. मालवणी, वऱ्हाडी आणि पुणेरी माणसं शेजारी बसवावीत तशी मजा.

अख्खं वाक्य टाकून भाषांतराची वाट बघाल तर फसाल. हा शब्दकोश आहे. अर्थ इंग्रजीत आहेत आणि रूप असं का बदलतं ते कुणी समजावत नाही. विशेषणाचं कोडं सोडवायला मला रात्रीचे साडेअकरा वाजले. देवदूत अनेक झाले की 'ब्यग'चंही 'व्यगा' होतं. कार्डावर शेवटी गेलं, 'ना हँगिल व्यगा'. आजींनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि चहा टाकला.

तेवढ्यात टीव्हीवर सहाची प्रार्थनेची घंटा लागली. रेडिओवर ती 1950पासून वाजते. आयरिशमध्ये तिला म्हणतात 'क्लग अन अँगिल', देवदूताची घंटा. इथे एकच देवदूत, षष्ठीत, म्हणून 'ह' नाही. आजींना मी हे सांगितलं, तर म्हणाल्या, "आता तूच शिकव मला."